विन्मुख

बावन्नाव्या वर्षी मी एक शब्द शिकलो. आमच्या निमगावात तो कुणी बोलत नाही. शाळेत कधी भेटला असेल तर आठवत नाही, कारण अकरावीतूनच मी शेतीला लागलो. द्राक्षबाग, कांदा, थोडा ऊस, तेवढ्यापुरते माझे शब्द. हा एका कादंबरीत भेटला. पहिल्यांदा मी त्याला ओलांडून पुढे गेलो, दुसऱ्यांदाही गेलो. तिसऱ्यांदा त्यानं मला धरलं.

पण तो कळायच्या आधी जे घडलं ते सांगितलं पाहिजे. ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही अर्धंच.

माझ्या आईची एक मैत्रीण होती. मैत्रीण हा माझा शब्द. त्या दोघी असलं काही म्हणायच्या नाहीत. आई तिला बाय म्हणायची, ती आईला आक्का, आणि आम्ही भावंडं तिला मावशी. ती वर डोंगरातली, डिंभे धरणाच्या पाण्यापलीकडची. भात झोडून झालं की तिकडची माणसं खाली आमच्याकडे कांद्याच्या लागणीला येतात. मी पाच-सहा वर्षांचा असताना ती अशीच एका टोळीबरोबर आली. त्याच हिवाळ्यात माझी धाकटी बहीण गेली होती, दीड महिन्याची. आई जेवत नव्हती, बोलत नव्हती. लागण संपली, टोळी वर गेली, मावशी मागे राहिली. दोन महिने राहिली. तिनं काय केलं, काय बोलली, कुणाला माहीत नाही. आई उठून चुलीपाशी गेली एवढं मला आठवतं. त्या मुलीचा विषय आमच्या घरात पुन्हा कुणी काढला नाही.

त्यानंतर दर मार्गशीर्षात मावशी यायची. सोबत एक पिशवी. आईनंच जुन्या लुगड्याचे चार पदर एकावर एक शिवून ती केली होती, कडेला हिरवा काठ. येताना तिच्यात नवा रायभोग तांदूळ, जाताना आमची बाजरी. कुणाचं भांडं रिकामं परत देऊ नये हे सगळेच पाळतात. त्या दोघींचं त्याच्याही पुढचं होतं. आई तांदूळ ओतायची आणि पिशवी खाली न ठेवता, हातातल्या हातात, बाजरीनं भरायची. मावशी कौतुकानं म्हणायची, ‘‘जमिनीला टेकवू नको गं आक्का, रुसंल.’’ एक रात्र राहायची. मागच्या दारी शेवग्याखाली दोघी बसायच्या आणि आई हसायची. ते हसू निराळं होतं. आम्हा पोरांच्या वाट्याला ते कधी आलं नाही, वडिलांच्याही नाही. लहानपणी मी कोपऱ्यावरून डोकावून बघायचो, कशाला हसतात म्हणून. मी दिसलो की दोघी गप्प व्हायच्या.

शेवटच्या वर्षी आईला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, आणि हळूहळू माणसंही जायला लागली. आधी नातवंडं विसरली, मग सून, मग मी. माझ्या बहिणी आल्या की त्यांना ओळखायची. मला मात्र पावणं म्हणायची. पुढच्या खोलीत तिची खाट होती, फाटकाकडच्या खिडकीशी. मी आत आलो की डाव्या हातानं पदर सारखा करायची आणि म्हणायची, ‘‘या पावणं. च्या घेतला का?’’ गावातली माणसं हसायची. मीही हसायचो. तिचं अंग पुसायचो, कपडे बदलायचो, भरवायचो, आणि ती संकोचून म्हणायची, ‘‘लई तरास दिला तुमाला.’’

आणि दिवसातून दहादा विचारायची, ‘‘माझी बाय आली का?’’

मार्गशीर्षातली दुपार होती. बायको बागेत, द्राक्षमण्यांच्या विरळणीला आलेल्या बायकांबरोबर. घरात मी आणि आई. मी तिला स्वच्छ केलं, पावडर लावली, केस विंचरले. ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, आज ओळखते. मी वाकलो. ती म्हणाली, ‘‘पावणं, तुमाला आई हाये का?’’

ओला टॉवेल घेऊन मागं गेलो, पिळला, वाळत घातला. तेवढ्यात फाटकाची कडी वाजली.

बिबट्याच्या भीतीनं आम्ही घराभोवती भिंत घातली आहे आणि लोखंडी फाटक लावलं आहे. मी बाजूनं फाटकाशी गेलो. बाहेर मावशी होती. घोडेगाव, मंचर, नारायणगाव अशा गाड्या बदलत, शेवटी जीपला लोंबकळत आलेली. डोक्यावर पिशवी. घामानं कपाळाचं कुंकू पसरलेलं. ती म्हणाली, ‘‘आक्का पडलीय म्हनं. आत्ता जीपमदी कळलं. कुटंय?’’ आणि फाटकावर हात ठेवला.

मी फाटक उघडलं नाही. वरच्या गजांमधूनच बोललो. ‘‘आत्ताच डोळा लागलाय, मावशी. डॉक्टर म्हणलेत उठवू नका.’’

डॉक्टर असं काही म्हणाले नव्हते. आई जागी होती, खिडकीच्या आत, सात-आठ पावलांवर.

‘‘न्हाई उठवत. निस्तं बगते,’’ ती म्हणाली.

मी म्हणालो, चाहूल लागली की तिला जाग येते, मग दिवसभर तळमळते. ती म्हणाली, थांबते की मग. मी म्हणालो, किती थांबाल, शेवटची जीप जाईल, उसाच्या कडेनं अंधारात जाणं बरं नाही, पुढच्या आठवड्यात या. दरवर्षी रात्र राहणाऱ्या बाईला मी जीपची आठवण करून दिली. मग तिनं डोक्यावरची पिशवी उतरवली आणि गजांवरून माझ्या हातात दिली. ‘‘मऊ भात करून घाल तिला. येते रं.’’

मी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही. दारात परका वाटसरू आला तरी आमच्याकडे आधी तांब्या पुढं होतो.

मी आत आलो. आई खिडकीकडे तोंड करून होती. ‘‘कोन आलं व्हतं, पावणं?’’

‘‘कोन न्हाई.’’

असं का केलं याची कारणं मी नंतर स्वतःला पुष्कळ दिली. दमलो होतो. रात्री जागरणं होती. बाहेरून रोगराई येईल ही भीती होती. यातलं एकही कारण खरं नाही. खरं एवढंच आहे की मी फाटक उघडलं असतं तर आईनं तिला ओळखलं असतं, आणि ती तसंच हसली असती, आणि मी तिथं तांब्या घेऊन पाहुण्यासारखा उभा राहिलो असतो. ते मला बघायचं नव्हतं.

पुढचे तीन दिवस आई तेच विचारत राहिली. बाय आली का हे तिनं सोडलं. कोन आलं व्हतं, एवढंच. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिची वाचा बंद झाली आणि चौथ्या दिवशी सकाळी ती गेली. माझ्याशी बोललेलं तिचं शेवटचं वाक्य तेच आहे.

दहाव्याला नदीकाठी मोठा मांडव. आमच्याकडे दहाव्याला प्रवचन असतं, मग माईकवरून श्रद्धांजलीची भाषणं, आणि सगळं गाव कावळ्याची वाट बघत बसतं. पिंडाला भात बायकोनं केला. कोठीत नवा तांदूळ दिसला, तोच घेतला. रायभोगाचा वास नदीवर पसरला तेव्हा मला कळलं. पिंड ठेवले. भाषणं संपली, कावळे समोरच्या बाभळीवर बसून राहिले.

मग नेहमीप्रमाणे एकेकानं पुढं होऊन बोलायला सुरुवात केली. मृताची काही इच्छा राहिली असेल तर ती बोलून दाखवायची, कबूल करायची, की कावळा शिवतो. थोरली बहीण म्हणाली, आई, आम्ही सगळी एकोप्यानं राहू. दुसरी म्हणाली, नातीचं लग्न थाटात करू. मामा म्हणाले, देवीचा नवस फेडू. एक कावळा खाली उतरला, पिंडाभोवती दोनदा फिरला आणि उडून गेला. लोक घड्याळं बघायला लागले. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, ‘‘म्हातारीला च्या पायजे आसंल.’’ खरंच कपभर चहा आणून ठेवला.

मला माहीत होतं काय बोलायचं. दोनच शब्द होते. बायला भेटवतो, एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हटलं तर सगळे विचारणार, का, ती आली नव्हती का? मी हात जोडून उभा राहिलो. गुरुजींनी शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि माणसं उठली.

मावशी आली होती, तांदूळ देऊन घाईनं गेली, असं मी बायकोला सांगितलं. तिनं पिशवी धुतली, घडी करून कोठीत ठेवली. पुढच्या वर्षी मावशी आली नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही.

दोन वर्षांनी, फाल्गुनात, द्राक्षांचे क्रेट उचलताना माझी पाठ भरली. महिनाभर फळीवर पडून राहायचं. मुलीनं नारायणगावच्या वाचनालयातून पुस्तकं आणून दिली. त्यात एक जाड कादंबरी होती. पुठ्ठा नव्यानं बांधलेला, आतली पहिली पानं गेलेली, म्हणून तिचं नाव मला आजही माहीत नाही. एका बंदराच्या गावातली मोठी पेढी, तिथली विधवा मालकीण आणि तिच्या दारी येणारी माणसं, अशी गोष्ट.

आमचे एक मास्तर सांगायचे, शब्द अडला तर कोश शोधू नका, वाचत राहा. तो पुढं पुन्हा भेटतो आणि स्वतःच सांगतो मी कोण ते. त्याप्रमाणे मी वाचत गेलो. पहिल्यांदा तो आला तेव्हा एक खलाशी पेढीवरून विन्मुख होऊन पायऱ्या उतरतो, असं होतं. मला वाटलं, रागावून. मुख आहे शब्दात, म्हणजे तोंड वाकडं करून. पुढं शंभरेक पानांवर एक भिकारीण त्या दारातून विन्मुख गेली. मालकीणबाईंच्या सुनेनं तिला हाकललं होतं. म्हणजे मग राग नव्हे, अपमान. उपाशी जाणं. असं धरून मी पुढं गेलो.

तिसऱ्या वेळी एक शाळामास्तर आले. मालकीणबाईंनी आपल्या नातीला शाळेतून काढलं होतं, तिला परत पाठवा एवढंच मागायला ते आले. त्यांना पाट मांडला. सरबत दिलं, जेवायला वाढलं, उठताना विडा दिला. मालकीणबाई त्यांच्याशी फार गोड बोलल्या. फक्त मुलीचं नाव निघालं की दुसरं बोलायच्या. आणि लेखकानं पुढं लिहिलं होतं की मास्तर विन्मुख परतले.

मी ते पान पुन्हा वाचलं. पोटभर जेवलेला, मान मिळालेला माणूस. त्याचा अपमान नाही, तो उपाशीही नाही. मग मागची दोन पानं शोधून काढली. खलाशाला पैसे मिळाले होते, तो आला होता बुडालेल्या भावाची खबर विचारायला. अर्थ तेव्हा लागला. ज्यासाठी आला ते न मिळता दारातून तोंड फिरवून जावं लागणं. बाकी काय दिलं, किती गोड बोललं, त्याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

दोन वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो होतो की मी तिला वाईट बोललो नाही. मावशी म्हणालो. जीपची काळजी केली. आवाज चढवला नाही. त्या एका शब्दानं ते सगळं काढून घेतलं. आणि मग दुसरी गोष्ट लक्षात आली. त्या दुपारी फाटकाबाहेर एक होती आणि खिडकीच्या आत दुसरी. आईला उठून तोंड फिरवता येत नव्हतं, एवढाच फरक.

पुस्तक छातीवर ठेवून पडून होतो. बायकोनं विचारलं, दुखतंय का? मी हो म्हणालो.

चैत्रात पाठ मोकळी झाली तेव्हा मी बायकोला म्हणालो, ‘‘ती पिशवी काढ. बाजरी भर तिच्यात. डोंगरात जाऊन येतो.’’

ती म्हणाली, ‘‘आता? दोन वर्सांनी?’’ पिशवी भरून झाल्यावर, दोरी बांधता बांधता, माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘‘आक्काची बाय आक्काला न बगता घाईनं जाईल, हे मला तवाच पटलं नव्हतं.’’ तेवढंच. पुढं काही विचारलं नाही. तिनं विचारलं असतं तर बरं झालं असतं.

पिकअप दारात होती, पण मी जीपनं निघालो. नारायणगाव, मंचर, घोडेगाव. डिंभ्याचं पाणी खाली गेलं होतं, काठची माती उघडी पडलेली. पुढं चढ. विचारत विचारत घर सापडलं. अंगणभर बाळहिरडा वाळत घातलेला आणि मावशी उकिडवी बसून हातानं तो खालीवर करत होती. वाळली होती. मला तिनं लांबूनच ओळखलं, किंवा पिशवीला ओळखलं असेल. ‘‘ये. बस,’’ म्हणाली, आत गेली आणि पाण्याचा तांब्या आणून माझ्यापुढं ठेवला.

तो तांब्या माझ्यानं उचलवेना. मी म्हणालो, ‘‘मावशी, त्या दिवशी आई जागी व्हती.’’

ती पुन्हा हिरड्याकडे वळली. ‘‘म्हाईत हाये.’’

कसं ते तिनंच सांगितलं. ‘‘तू आत गेलास. मी भितीला टेकून बसले व्हते, जीप येस्तवर. खिडकी उगडीच व्हती. आक्का इचारत व्हती, कोन आलं व्हतं. तू म्हनलास, कोन न्हाई.’’

म्हणजे तेही तिनं ऐकलं होतं. बाहेरच्या भिंतीला पाठ लावून, आईच्या खाटेपासून सात-आठ पावलांवर.

‘‘मग हाक का न्हाई मारली?’’

‘‘तुजं घर व्हतं ते.’’ तिनं मूठभर हिरडा उचलून पसरला. ‘‘आवाज तेवडा आयकला तिचा.’’

मग तिनं विचारलं, ‘‘मागनं नाव काडलं का माजं?’’

खोटं बोलायची तीही एक जागा होती. थोडं सौम्य करून सांगता आलं असतं. मी सांगितलं की तीन दिवस आई तेच विचारत होती, कोण आलं होतं, आणि मी तीन दिवस कोण नाही म्हणत होतो. का म्हणत होतो तेही सांगितलं. मला पावणं म्हणायची हे सांगितलं. कावळ्याचं सांगितलं, पिंडाला तिचाच तांदूळ होता हेही. बोलताना मी तांब्याकडे बघत होतो.

मावशीनं पदर तोंडावर घेतला. आतून सुनेनं हाक मारली तेव्हा उठली आणि म्हणाली, ‘‘जेवून जा.’’

जेवायला बसायच्या आधी तिनं पानावर कावळ्यांसाठी भाताचा घास काढून कुडाच्या वरच्या कडेला ठेवला. माझं सगळं लक्ष तिकडं. ती म्हणाली, ‘‘तू जेव. त्यान्ला लई कामं आसत्यात.’’ मी हात धुवून परत आलो तरी घास तसाच होता.

निघताना मी पिशवी पुढं केली. तिनं ती घेतली, कणगीत बाजरी ओतली. सवयीनं माझे हात पुढं झाले, वाट बघत, की आता ती हातातल्या हातात तांदूळ भरेल. तिनं पिशवी झटकली, चार घड्या केल्या आणि खुंटीला अडकवली. रागानं नाही. वाळलेलं लुगडं ठेवावं तशी. ‘‘यंदा भात कसा व्हतोय बगू,’’ म्हणाली. वाटेपर्यंत आली नाही. वळणावर मी मागं पाहिलं तर ती पुन्हा हिरड्यात बसली होती, पाठ माझ्याकडे.

तिनं मला पाणी दिलं, जेवू घातलं, वाईट एक शब्द बोलली नाही. मी कशासाठी गेलो होतो हे मला माहीत होतं, आणि तिलाही.

आता मार्गशीर्ष लागला आहे. वरची भातं झोडून झाली असतील. लागणीच्या टोळ्या आल्या आहेत, मी प्रत्येक जीपमधून उतरणाऱ्या बायका बघतो. दुपारचं मी फाटक लावत नाही. बायको कुरकुरते, एखाद दिवशी बिबट्या आत येऊन बसंल म्हणते. मी म्हणतो, दुपारी नाही येत. हल्ली दुपारीही येतात, ते तिलाही माहीत आहे.

पुढच्या खोलीत आईची खाट अजून तिथंच आहे. तिच्यावर खताच्या पिशव्यांची चवड असते. वारा सुटला की फाटकाची मोकळी कडी वाजते. मी जिथं असेन तिथून उठून येतो, रस्त्यापर्यंत बघतो. परत फिरताना खिडकीवरून जावं लागतं, आणि तिथं दर वेळी तो प्रश्न येतो, पावणं म्हणून हाक मारून.

अजून तरी कोन न्हाई, आई.